‘बल्ब लाईट खातो’ : सेमी-इंग्लिशच्या वर्गातून एक खुलं पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त (शिक्षण), पुणे
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे
मा. संचालक, बालभारती
मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका आणि मा. आयुक्त, कल्याण-डोंबिवली महानगरपालिका
आणि ठाणे जिल्ह्यातल्या मराठी शाळांचे सर्व संस्थाचालक

विषय : नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रासाठी द्विभाषिक डिजिटल साहित्य



मी डोंबिवलीत विज्ञान शिकवते. 22 वर्षं झाली. सुरुवातीला मराठी माध्यमाचे वर्ग होते. पुढे सेमी-इंग्लिश सुरू झालं आणि तेव्हापासून तेच. इतिहास-भूगोल मराठीतून, गणित-विज्ञान इंग्रजीतून. तुमच्यापुढे मागणी ठेवण्याआधी एका तासाची हकीकत सांगते, कारण मागणी त्या तासातूनच आली आहे.

नववीचा धाराविद्युतचा धडा संपला होता, चाचणीही झाली होती. एकसर जोडणीत प्रत्येक रोधातून सारखीच विद्युतधारा वाहते, हे वाक्य बहुतेक मुलांनी पुस्तकाबरहुकूम इंग्रजीत लिहिलं होतं. स्पेलिंगही चुकलं नव्हतं. मी समाधानाने पेपर वाटले आणि तास संपायला दहा मिनिटं होती म्हणून सहज विचारलं, दोन सारखे बल्ब एकामागोमाग जोडले तर पहिला जास्त उजळेल की दुसरा? आधी इंग्रजीत विचारलं. वर्ग गप्प. मग मराठीत विचारलं, तर हातच हात वर. पहिल्या बाकावरची एक मुलगी, जिला त्या प्रश्नात पैकीच्या पैकी होते, ती उभी राहून म्हणाली, “पहिला, बाई! पहिला बल्ब आधी लाईट खाणार ना, उरलेली दुसऱ्याला मिळणार.” सगळ्या वर्गाने माना डोलावल्या.

त्या दिवशी घरी जाताना मी फार अस्वस्थ होते. मुलीने उत्तर पाठ केलं होतं म्हणून नव्हे, मुलं पाठ करतातच. अस्वस्थ होते ते यासाठी की गेल्या कित्येक वर्षांत किती मुलं हाच समज घेऊन माझ्या हातून पुढे गेली असतील, पूर्ण गुण घेऊन, आणि मला पत्ताही लागला नाही.

‘लाईट खातो’ हा शब्दप्रयोग त्या मुलीचा नाही, आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे. लाईट गेली, लाईट आली, लाईटचं बिल भरलं, एसी फार लाईट खातो. दिवा, वीजपुरवठा, विद्युतधारा आणि ऊर्जा या चारही गोष्टींना आपल्या घरात एकच शब्द आहे. त्यात चूक काहीच नाही, घरातल्या कामाला तो पुरतो. शिवाय त्या वाक्यात अर्धं सत्यही आहे. एसी काहीतरी खर्च करतोच. महावितरणच्या बिलावर जे युनिट छापलेलं असतं ते एक किलोवॅट-तास, म्हणजे 36 लाख जूल ऊर्जा. मुलीचं ‘खाणं’ ऊर्जेच्या बाबतीत बरोबर होतं, विद्युतधारेच्या बाबतीत चूक. बल्बमध्ये जेवढी धारा शिरते तेवढीच बाहेर पडते. मुलीच्या एका शब्दात गुंतलेले हे दोन धागे वेगळे करणं, हीच त्या धड्याची खरी शिकवणी. आणि गुंता मराठीत असल्यामुळे तो सुटणारही मराठीतच. इंग्रजी वाक्य कितीही शुद्ध असलं तरी ते त्या गुंत्याला न शिवता वरून निघून जातं आणि पेपरात जाऊन बसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे : मुलांची चूक मराठीत असते. जे साहित्य मराठीत त्या चुकीपर्यंत जात नाही, ते कितीही चकचकीत असलं तरी भौतिकशास्त्र शिकवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरचा लॅपटॉप वर्गात नेला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या केंद्राने तयार केलेले ‘फेट’ नावाचे आभासी प्रयोग आहेत. 2001 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये ते काम सुरू केलं. ते फुकट आहेत, उतरवून घेतले तर नेटशिवायही चालतात आणि त्यातल्या अनेकांना स्वयंसेवकांनी मराठी रूप दिलेलं आहे. त्यातला विद्युत परिपथ जोडण्याचा प्रयोग उघडला. घट, तारा, दोन बल्ब. आधी प्रत्येकाकडून वहीत अंदाज लिहून घेतला, मराठीत, ज्याच्या त्याच्या शब्दांत. मग बल्ब पेटवले. दोन्ही सारखेच उजळले. मुलांचा विश्वास बसेना, म्हणून अॅमीटर आधी पहिल्या बल्बच्या अलीकडे, मग दोघांच्या मध्ये, मग दुसऱ्याच्या पलीकडे लावला. तिन्ही ठिकाणी तोच आकडा. वर्गात अगदी शांतता झाली आणि मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, “मग बाई, खर्च झालं ते काय?”

असा प्रश्न वर्षातून एकदा आला तरी शिक्षकाला वर्षभर पुरतो. पुढची वीस मिनिटं आम्ही फक्त त्यावर बोललो. विभवांतर हा शब्द तोवर त्यांच्यासाठी फळ्यावरचं एक इंग्रजी अक्षर होता. त्या दिवशी तो पाण्याच्या टाकीच्या उंचीसारखा काहीतरी झाला. शेवटी मी म्हटलं, आता हेच इंग्रजीत लिहा, पुस्तक मिटून. त्यांनी लिहिलेलं इंग्रजी तुटकमुटक होतं, पण त्यांचं स्वतःचं होतं आणि बरोबर होतं. अर्थ आधी आला की भाषा मागून येते, हे मी त्या पानांवर पाहिलं.

आता तुमच्याशी थेट बोलते.

सेमी-इंग्लिशचा वर्ग रोजच द्विभाषिक चालतो. ठाण्यात, कल्याणात, बदलापुरात कुठल्याही शाळेत विज्ञानाच्या तासाला दाराबाहेर उभं राहून ऐका. फळ्यावर इंग्रजी असतं आणि बाई किंवा सर मराठीत समजावत असतात. त्याशिवाय तास पुढेच सरकत नाही. फक्त साहित्य तसं नाही. मुलाच्या दप्तरात एकच पुस्तक असतं आणि ते संपूर्ण इंग्रजीत. तास संपला की बाईंनी मराठीत सांगितलेलं हवेत विरून जातं. संध्याकाळी घरी आई मदत करायला बसते, तिने दहावी मराठीतून केलेली असते, तिला परावर्तन-अपवर्तन नीट आठवत असतं, पण पोराच्या पुस्तकात ते शब्दच नसतात. मराठी माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकात महत्त्वाच्या संज्ञेपुढे इंग्रजी शब्द कंसात दिलेला असतो. मराठीतून इंग्रजीकडे जायला पूल आहे. इंग्रजी पुस्तकातून मराठीकडे यायला नाही. ज्या मुलांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्याच बाजूने तो बांधायचा राहिला.

हे करायला नवं धोरण लागत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विज्ञान आणि गणितासाठी दर्जेदार द्विभाषिक पुस्तकं आणि शैक्षणिक साहित्य तयार करण्याचं स्पष्टपणे म्हटलं आहे, मुलांना या विषयांत आपल्या भाषेतही आणि इंग्रजीतही विचार करता यावा म्हणून. आपल्या पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आहेत. ‘दीक्षा’ हे शासनाचं डिजिटल शिक्षणाचं व्यासपीठ 2017 पासून चालू आहे. भांडी सगळी मांडलेली आहेत, त्यांत काय शिजवायचं याचा निर्णय तेवढा हवा.

आणि तो निर्णय बारकाईने घ्यायला हवा. इंग्रजी चित्रफितीवर मराठी आवाज चढवला की काम झालं, असं समजू नका, ही कळकळीची विनंती. मुलं आज काय पाहतात ते मी सांगते. शाळेत इंग्रजी पुस्तक, घरी मोबाइलवर हिंदी-इंग्रजी शिकवणीचे व्हिडिओ, आणि मधल्या सुट्टीत आपापसात मराठी. हिंदी व्हिडिओत द्रव्यमान म्हणतात, आपल्याकडे वस्तुमान. तिथे प्रतिरोध, आपल्याकडे रोध. तिथे श्रेणीक्रम, आपल्याकडे एकसर जोडणी. इथवर फारसं बिघडत नाही. पण ‘विकिरण’ घ्या. हिंदीत विकिरण म्हणजे उष्णता माध्यमाशिवाय पसरणं, ज्याला आपण प्रारण म्हणतो. मराठी पुस्तकात विकिरण म्हणजे प्रकाश हवेतल्या सूक्ष्म कणांवर आदळून सगळीकडे विखुरणं, ज्यामुळे आकाश निळं दिसतं. लिपी एक, शब्द एक, अर्थ दोन. माझ्या एका विद्यार्थ्याने आकाश निळं का दिसतं याच्या उत्तरात सूर्याच्या उष्णतेबद्दल अर्धं पान लिहिलं होतं. तो कष्टाळू मुलगा आहे, त्याने घरी दोन व्हिडिओ पाहून अभ्यास केला होता. यंत्राकडून घाईने अनुवाद करून घेतलेल्या साहित्यात हेच शेकडो ठिकाणी होईल आणि ते पकडायला मूल बिचारं कुठून येणार? भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, बालभारतीची पिढ्यांची संज्ञासंपदा आहे. जे काही पडद्यावर येईल त्यातली प्रत्येक संज्ञा तिथल्या एकाच यादीशी जुळलेली असावी आणि ती यादी शिक्षकांच्या हातात असावी.

दोन भाषा शेजारी-शेजारी ठेवण्याचा फायदा मी रोज पाहते, म्हणून आग्रह धरते. काही गाठी मराठीत सहज सुटतात. कल्याण स्टेशनवर हमाल डोक्यावर बोजा घेऊन गाडीची वाट पाहत दहा मिनिटं उभा राहिला, तर त्याने बोजावर किती कार्य केलं? शून्य. इंग्रजीत हे मुलांच्या गळी उतरत नाही, कारण रोजच्या कष्टालाही आणि भौतिकशास्त्रातल्या राशीलाही एकच शब्द आहे. मराठीत ‘काम’ आणि ‘कार्य’ वेगळे आहेत. हमालाने काम केलं, कार्य केलं नाही. मूल लगेच हसतं आणि लक्षात ठेवतं. उलट ‘शक्ती’ घ्या. घरात ‘शक्ती लाव’ म्हणजे जोर लाव. जोर म्हणजे बल. पण पुस्तकात शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर. इथे मराठी शब्दच आड येतो आणि इंग्रजी शब्द, त्याला घरातला वास नसल्यामुळे, स्वच्छ राहतो. ‘जडत्व’ म्हटलं की मुलांना जडपणा आठवतो, वजन आठवतं. दोन्ही शब्द समोर असले की एकाच्या उजेडात दुसरा दिसतो. चांगलं द्विभाषिक साहित्य म्हणजे नुसतं भाषांतर नव्हे. कुठली गाठ कुठल्या भाषेत आहे हे ओळखून लिहिलेला पाठ, असं मी समजते.

असा पाठ कसा दिसेल? एक नमुना देते. आमची मुलं रोज लोकलच्या वायरखालून येतात-जातात. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी आली, हे ती इतिहासात शिकतात. पण त्याच मार्गावरचं भौतिकशास्त्र त्यांना कुणी दाखवत नाही. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर पूर्वी 1,500 व्होल्टची दिष्ट धारा होती, 2015 मध्ये ती पूर्णपणे जाऊन 25,000 व्होल्टची प्रत्यावर्ती धारा आली. का बदललं? समजा गाडीला 30 लाख वॅट शक्ती हवी आहे. जुन्या पद्धतीत तारेतून 2,000 अँपिअर धारा वाहायला हवी, नव्या पद्धतीत फक्त 120. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तारेचा रोध तोच धरला तर नासाडी सुमारे 278 पटींनी कमी. हे सगळं गणित नववी-दहावीच्या अभ्यासक्रमातलंच आहे. पडद्यावर वायर, तिला टेकलेला पेंटोग्राफ, गाडी. बोटाने व्होल्ट वाढवावेत, धारा कमी होताना दिसावी, तार थंड होताना दिसावी. एका बटणावर स्पष्टीकरण मराठीत, दुसऱ्यावर इंग्रजीत, आणि संज्ञेला हात लावला की तिचा जोडीदार शब्द समोर. शेवटी प्रश्न : गाडीच्या टपावर चढलेल्या माणसाला वायरला हात न लावताही झटका का बसू शकतो? आमच्या मुलांसाठी हा केवळ परीक्षेपुरता प्रश्न नाही.

असे पाठ पुण्या-मुंबईच्या कार्यालयात बसून नुसत्या निविदेतून तयार होणार नाहीत. ते शिक्षकांकडून लिहून घ्यावे लागतील आणि त्यासाठी शिक्षकाला वेळ द्यावा लागेल. जिल्ह्यातल्या वीस-पंचवीस विज्ञान शिक्षकांना आठवड्यातला एक दिवस वर्षभर अध्यापनातून मोकळं करा. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ठाण्याहून फार लांब नाही. त्या संस्थेने 1970 च्या दशकात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांमध्ये काम केलं होतं आणि विज्ञानाच्या पुस्तकाची भाषा मुलांना कशी अडवते या प्रश्नाला तेव्हाच हात घातला होता. मराठी विज्ञान परिषद 1966 पासून मराठीत विज्ञान सांगते आहे. अनुभवी माणसं आपल्याच दारात आहेत. केरळात 2018 च्या सुमारास आठवी ते बारावीच्या 45,000 वर्गखोल्यांत पडदे, संगणक बसवले गेले, तेव्हा मुक्त सॉफ्टवेअर वापरलं आणि शिक्षकांना स्वतः साहित्य बनवायला शिकवलं. आपल्याकडे पडदा आधी येतो आणि त्यावर काय दाखवायचं हे नंतर ठरतं.

पडद्यावरून आठवलं. एका शाळेत मी परीक्षक म्हणून गेले होते. तिथे स्पर्शाने चालणारा मोठा पडदा भिंतीवर होता, त्यावर शिवलेलं कव्हर होतं आणि खोलीला कुलूप. बिघडला तर जबाबदारी कुणाची, या भीतीने तो उघडलाच जात नव्हता. शाळेचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ही भीती एका शाळेची नाही. माननीय महापालिका आयुक्त, तुमच्याकडे माझी मागणी छोटी आहे. यंत्र बिघडलं तर शिक्षकावर ठपका येणार नाही, असं लेखी परिपत्रक काढा. प्रत्येक प्रभागात दुरुस्तीसाठी एक माणूस नेमा, ज्याचा फोन लागतो. आणि सगळं साहित्य पेन ड्राइव्हवर शाळेपर्यंत पोचवा. तास 35 मिनिटांचा असतो, त्यातली 10 मिनिटं नेट जोडण्यात गेली की शिक्षक पुन्हा कधी तिकडे वळत नाही.

घरी मोबाइल एकच असतो आणि तो वडिलांबरोबर रिक्षात किंवा कामावर जातो. म्हणून पाठ लहान असावा, एकदा उतरवला की राहावा, आणि नुसता आवाज ऐकला तरी समजावा. शहापूर-मुरबाडकडच्या आश्रमशाळांत तर पुस्तकातली मराठीही मुलांच्या घरची नाही. तिथे वारली, ठाकरी, कातकरी बोलणारी मुलं आहेत. त्यांच्यासाठी मराठी पाठाची भाषा आणखी बोलती करावी लागेल, तिथल्या शिक्षकांना विचारून.

पालकांची काळजी मला ठाऊक आहे, दर पालकसभेत ती माझ्यापुढे येते. “बाई, पुन्हा मराठीत गेलो तर अकरावीला पोरगं मागे पडेल.” ही काळजी खोटी नाही. अकरावीला विज्ञान शाखेचा वर्ग इंग्रजीत चालतो आणि डोंबिवलीच्या माणसाने मुंबईची नोकरी करत पोटाला चिमटा काढून मुलाला त्या वर्गापर्यंत आणलेलं असतं. त्यांना मी एवढंच सांगते की नीट आणि जेईई मेन या परीक्षांचे पेपर मराठीतही मिळतात. आणि द्विभाषिक म्हणजे इंग्रजी कमी करणं नव्हे. माझ्या वर्गातली ती मुलगी इंग्रजीत मागे नव्हतीच. तिला पैकीच्या पैकी होते.

एक गोष्ट परीक्षा मंडळाशी संबंधित आहे, ती तुम्ही त्यांच्यापर्यंत न्या. जोवर पेपरात व्याख्या विचारली जाईल तोवर व्याख्याच शिकवली जाईल. विज्ञानाच्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेत निदान दोन प्रश्न असे हवेत की ज्यात मुलाने आधी अंदाज करायचा आणि मग कारण द्यायचं, आणि ते कारण मराठीत किंवा इंग्रजीत, ज्या भाषेत त्याला नीट मांडता येईल त्या भाषेत लिहिण्याची मुभा हवी. सेमी-इंग्लिशच्या मुलालासुद्धा. या एका बदलाने तपासणीच्या टेबलावर आम्हाला मुलांच्या खऱ्या चुका दिसू लागतील. आज त्या दिसतच नाहीत.

त्या तासानंतर मी एक वही केली. मुलं मराठीत जे बोलतात ते त्यांच्याच शब्दांत त्यात उतरवते. ‘वर फेकलेल्या चेंडूतलं बल संपलं की तो खाली येतो.’ ‘गाडी सुटताना मागे ढकलते.’ ‘स्वेटर गरम असतो.’ ‘आरशात आपण आरशाच्या काचेवर दिसतो.’ ‘जड वस्तू लवकर पडते कारण तिला खाली जायची घाई असते.’ प्रत्येक वाक्यासमोर धड्याचं नाव आणि वर्ष आहे. माझ्या मते द्विभाषिक पाठ लिहायला याच वाक्यांपासून बसावं लागेल. वहीची आता दोनशेवर पानं झाली आहेत. मी ती तुमच्या कोणत्याही कार्यालयात, कोणत्याही शनिवारी दुपारी बारानंतर घेऊन यायला तयार आहे. ठाण्यापर्यंत फास्ट गाडीने वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पुण्याला यायचं असेल तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे तासांची बदली लावता येईल.

आपली,
नववी-दहावीची एक विज्ञान शिक्षिका
डोंबिवली (पूर्व)